लेडी बी गुड, १/७२ : कामाच्या नोंदी

८ जून

खोकं आज उघडलं. दीड वर्ष कपाटावर धूळ खात पडलं होतं. बी-२४ डी लिबरेटर या बॉम्बफेकी विमानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल किट, मूळ आकाराच्या १/७२. जोडून झालं की एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत साडेशेहेचाळीस सेंटिमीटर भरणार, म्हणजे माझं निम्मं टेबल. आईनं डोकावून विचारलं, "हे ठेवणार कुठं?" प्रश्न रास्त आहे, उत्तर अजून नाही.

लिबरेटर करणारे बहुतेक जण ते चाकांवर उभं करतात, नाहीतर काचेच्या दांडीवर उडतं ठेवतात. मला पोटावर पडलेलं करायचंय, तेही एकच ठरावीक विमान : अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाचं, ३७६व्या बॉम्बर गटाचं, क्रमांक ४१-२४३०१, नाव 'लेडी बी गुड'. ४ एप्रिल १९४३ च्या दुपारी लिबियातल्या बेनगाझीजवळच्या सुलूक तळावरून ते नेपल्सच्या बंदरावर बॉम्ब टाकायला निघालं. परत आलं नाही. शोध घेतला तो समुद्रावर. काही मिळालं नाही, तेव्हा समुद्रात पडलं असं धरून विषय मिटला. पुढे १९५८ मध्ये तेल शोधणाऱ्या ब्रिटिश लोकांना ते हवेतून दिसलं, आणि १९५९ मध्ये त्यांची माणसं जमिनीवरून तिथं पोचली. जागा तळापासून सातशे किलोमीटर आत, वाळवंटात. विमान मागच्या बाजूला मोडलेलं, बाकी बऱ्यापैकी धड. आत कुणी नाही.

आज एवढंच. स्प्रू (सुटे भाग अडकलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटी) मोजले, पारदर्शक भाग वेगळ्या डबीत ठेवले.

९ जून

स्प्रू कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणानं धुतले आणि पंख्याखाली वर्तमानपत्रावर सुकत घातले. फ्यूजलाजचे, म्हणजे विमानाच्या धडाचे, दोन्ही अर्धे भाग कोरडेच जुळवून पाहिले. सांधा चांगला बसतोय.

कापायचं पंखाच्या मागच्या कडेच्या जरासं मागं. मूळ विमान तिथंच मोडलं. शेपटाचा तुकडा थोडा तिरका वळलेला. पेन्सिलनं रेघ मारली आणि करवत हातात घेऊन पाच मिनिटं बसून राहिलो. नवं किट कापायला हात धजत नाही. शेवटी कापलं.

१६ जून

कॉकपिट जोडलं. पुढं काच बसली की यातलं काही दिसणार नाही, तरी आसनांचे पट्टे केले. विमान सापडलं तेव्हा पॅराशूट एकही नव्हतं, म्हणजे सगळे उडी मारून गेले होते. म्हणून पट्टे सुटलेले.

टेबलासमोरच्या भिंतीवर एक कार्ड चिकटवलंय. नऊ नावं :

विल्यम हॅटन, पायलट. रॉबर्ट टोनर, को-पायलट. डीपी हेज, नॅव्हिगेटर. जॉन वोराव्का, बॉम्ब टाकणारा. हॅरॉल्ड रिपस्लिंगर, फ्लाइट इंजिनिअर. रॉबर्ट लामॉट, रेडिओ ऑपरेटर. गाय शेली, व्हर्नन मूर आणि सॅम्युएल ॲडम्स, हे तिघे तोफची.

या नऊ जणांची एकत्र ही पहिलीच लढाऊ मोहीम. मार्चमध्ये लिबियात आले होते. विमानही नवंच, मार्चअखेरीस पोचलेलं. विमानाच्या नाकावर पांढऱ्या रंगात ६४ आणि उजव्या बाजूला हातानं लिहिलेलं नाव. ते डेकलनं (छापील चिकटचित्रानं) चालणार नाही, ब्रशनंच लिहावं लागेल.

२२ जून

आज चिकटवायचं काम नव्हतं, पुट्टी वाळत होती. म्हणून नकाशा काढला.

त्या दुपारी पंचवीस लिबरेटर दोन तुकड्यांत निघाली. 'लेडी' दुसऱ्या तुकडीत, अगदी शेवटच्यांपैकी. तळावर वाळूचं वादळ चालू होतं. इंजिनांत वाळू गेली म्हणून या तुकडीतली बरीचशी वाटेतूनच मागं फिरली. हॅटन पुढं गेला. नेपल्सपाशी पोचेपर्यंत अंधार पडला, लक्ष्य दिसेना. बॉम्ब समुद्रात टाकून परतीची वाट धरली. रात्री एकटं विमान, खाली ढग.

रात्री १२ वाजून १२ मिनिटांनी हॅटननं रेडिओवरून बेनगाझीजवळच्या बेनिना इथल्या दिशाशोधक केंद्राला विचारलं : आमचा दिशादर्शक चालत नाहीये, तळ कुठं आहे? केंद्रानं त्याच्या संदेशावरून दिशा काढून सांगितली, ३३० अंश. म्हणजे केंद्रापासून पाहिलं तर विमान वायव्येला, जरा उत्तरेकडं झुकून. समुद्राच्या अंगाला. नेपल्सहून येणारं विमान तिथंच असायला हवं. सगळं जुळत होतं.

शाळेतला ॲटलास घेतला, लिबिया आणि इटली एकाच पानावर येतात तो. पट्टी नेपल्स आणि बेनगाझीवर ठेवली. रेघ समुद्र ओलांडून बेनगाझीला आली. पट्टी न हलवता पेन्सिल तशीच पुढं ओढत नेली, आग्नेयेला, वाळवंटात. विमान सापडलं ती जागा आधीच टाचणीनं टोचून ठेवली होती. रेघ टाचणीच्या जवळजवळ अंगावरून गेली.

दोनदा करून पाहिलं. विमान भरकटलंच नव्हतं. अगदी बरोबर रेघेवर होतं. फक्त थांबायचं ठिकाण कधीच मागं पडलं होतं.

२९ जून

मामा आलाय चार दिवसांसाठी. मामा व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होता. ती नोकरीच आता जगातून गेली. "बोटीवर आम्हाला मार्कोनी साहेब म्हणायचे," हे तो दर भेटीत एकदा सांगतो.

त्याला ३३० चं कोडं घातलं. तो हसला. "आधी मला ट्रान्झिस्टर दे."

आईचा जुना ट्रान्झिस्टर, स्वयंपाकघरातल्या खिडकीत असतो तो. आकाशवाणी पुणे लावलं, ७९२ किलोहर्ट्झ. मामानं तो हॉलच्या मधोमध फरशीवर ठेवला आणि सावकाश फिरवायला लागला. एका ठिकाणी आवाज बारीक होत होत जवळपास गेला. "इथं खडूनं खूण कर." खूण केली. अजून फिरवला. आवाज आला, मोठा झाला, परत बारीक. "इथं पण कर." अर्धं वर्तुळ झालं होतं. दोन खुणा समोरासमोर, फरशीच्या रेघेसारख्या सरळ.

"आतल्या दांडीवर तार गुंडाळलेली असते. दांडीचं टोक स्टेशनाकडं झालं की आवाज मरतो. बोटीवर तारेचं गोल कडं असायचं, तत्त्व तेच. आवाज मरतो ती रेघ पक्की. पण रेघेला दोन टोकं असतात रे. आता सांग, स्टेशन कुठल्या अंगाला?"

मी लगेच हात दाखवला.

"तुला ठाऊक आहे म्हणून. ट्रान्झिस्टरनं कुठं सांगितलं?"

मग त्यानं समजावलं : जहाजावरच्या यंत्राला शेजारी एक सरळ उभी एरियल असते. तिचा सिग्नल कड्याच्या सिग्नलमध्ये मिसळला की दोनपैकी एक टोक बाद होतं. ती तपासणी केली नाही, तर ३३० आणि १५० यांत यंत्राच्या लेखी काही फरक नाही. या विमानाच्या बाबतीत सर्वसाधारणपणे मानला जातो तो खुलासा हाच. विमान बेनिनाच्या डोक्यावरून पुढं निघून गेलं होतं. खरी दिशा १५०, मागची. सांगितली गेली ३३०, पुढची.

"मग त्या ऑपरेटरची चूक," मी म्हटलं.

मामाला ते पटलं नाही. "असं म्हणायला आपल्याला काय जातंय? रात्री बारा वाजता समुद्राकडून येणारं विमान विचारतंय. विमानं समुद्राकडूनच येतात. मागं वाळवंटात कोण असणार? आणि वर बसलेल्यालाही तेच वाटत होतं. दोघांचा अंदाज एकच, म्हणून आकडा दोघांना बरोबर वाटला. एकाला जरी शंका आली असती तर…" पुढं काही बोलला नाही. ट्रान्झिस्टर उचलून परत खिडकीत ठेवला. आईची कामगार सभा चुकली म्हणून दोघांनाही बोलणी बसली.

खडूच्या खुणा अजून फरशीवर आहेत.

७ जुलै

पावसाळ्यात रंगकाम करू नये हे दरवर्षी कळतं आणि दरवर्षी विसरतो. वरचा वाळूचा रंग मारला आणि दमट हवेनं त्यावर पांढुरकी साय धरली. सगळं घासून काढलं. रविवार गेला.

१३ जुलै

हेअर ड्रायरनं खोली तापवून पुन्हा रंग. वरून वाळूचा, पोटाला राखाडी. आता ठीक.

१४ जुलै

शेपटाचे दोन्ही उभे पंख लावले, त्यांवर १२४३०१ आलं. पूर्ण क्रमांकातला पहिला ४ शेपटावर लिहीत नसत. ही गोष्ट मला पूर्वी माहीत नव्हती आणि एका विमानावर मी अख्खा क्रमांक लिहून बसलोय. ते कपाटात मागच्या रांगेत आहे, तिथंच राहू दे.

संदर्भासाठी उभ्या लिबरेटरचे फोटो पाहत होतो तर एक गंमत कळली. लंडनच्या हवाई दल संग्रहालयातलं आणि ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयातलं, अशी दोन्ही लिबरेटर आपल्या हवाई दलाची. युद्ध संपल्यावर कानपूरला पडून असलेली लिबरेटर हिंदुस्थान एअरक्राफ्टनं दुरुस्त केली आणि हवाई दलानं ती थेट १९६८ पर्यंत वापरली, शेवटी समुद्रावर गस्त घालायला. जगात अठरा हजारांवर बनली आणि बहुतेक भंगारात गेली. आपण चालवत राहिलो म्हणून ही उरली. माझ्या कामाला मात्र अर्धीच उपयोगी. ती नंतरच्या मॉडेलची, नाकावर बंदुकीचा टरेट (फिरता बुरूज) असलेली. 'लेडी' आधीची, नाकाला काचांचा पिंजरा.

बॉम्बच्या कप्प्याची दारं दुकानाच्या शटरसारखी अंगावर गुंडाळत वर जाणारी असतात. किटमध्ये फार सुंदर दिली आहेत. पोट जमिनीला टेकणार, एक पट्टी दिसणार नाही. बसवली तरी.

१९५९ मध्ये विमानात काय मिळालं याची यादी वाचताना हात थांबतो. थर्मासमध्ये कॉफी. पाणी. मशीनगन, चाप ओढल्यावर चालली. रेडिओ चालू स्थितीत. सोळा वर्षांत तिथं पाऊस नाही, गंज नाही, माणूस नाही.

या विमानाचे सुटे भाग काढून दुसऱ्या विमानांत बसवले आणि त्यांनाही अपघात झाले, एक तर दहा जणांसह सिद्राच्या आखातात पडलं, अशी कथा हमखास सांगितली जाते. भाग बसवले होते, अपघातही झाले. पण 'शापित विमान' हे मला आवडत नाही. एका रेघेला दोन टोकं असतात एवढ्यानं नऊ माणसं गेली. त्यात भूत कशाला आणायचं?

२० जुलै

आजची चूक पूर्ण माझी.

दोन आठवडे संध्याकाळी थर्माकोल कापून वाळूच्या टेकड्या केल्या होत्या. छान लाटा, एका बाजूला उतार, एका बाजूला कडा. वाळवंट म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते. आज मोडलेल्या विमानाचे जुने फोटो पुन्हा पाहिले. टेकडी एक नाही. पाटासारखी सपाट जमीन, बारीक खडीची, क्षितिजापर्यंत. अशा मैदानाला तिकडं सरीर म्हणतात. आणि ते तसं होतं म्हणूनच पायलट नसलेलं विमान घसरत येऊन थांबू शकलं. टेकड्या असत्या तर चुराडा झाला असता. टेकड्या लागल्या त्या माणसांना, पुढं, उत्तरेला.

थर्माकोल गच्चीवर नेऊन ठेवला. प्लायचा साधा सपाट तुकडा घेतला.

जमिनीसाठी बरंच करून पाहिलं. गुहागरची वाळू होती घरात, पण तिच्यात शिंपल्यांचे तुकडे चमकतात आणि १/७२ मध्ये वाळूचा कणच धोंड्याएवढा होतो. शेवटी रांगोळी. पांढरी रांगोळी आणि विटेची भुकटी, थोडा पिवळा पोस्टर कलर, सगळं वस्त्रगाळ. आईच्या जुन्या ओढणीतून गाळलं, विचारून. खाली फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून, वरून चहाच्या गाळणीनं भुरभुरवलं. खडी म्हणून तीच विटेची भुकटी, पण गाळून वर उरलेली.

आई बघायला आली. चिमटीत उरलेली रांगोळी घेऊन सवयीनं कडेला चार ठिपके टाकले, मग म्हणाली, "अगं बाई, पुसते हं." मी पुसू दिलं नाही. उद्या वरून खडी पडेल, झाकले जातील.

२७ जुलै

आज काम काही नाही. टोनरची डायरी वाचली. छोटी खिशातली वही, रोज दोन-चार ओळी. रविवार ४ एप्रिल ते सोमवार १२ एप्रिल.

मार्ग चुकला, पेट्रोल संपलं, उड्या मारल्या, रात्री दोनला वाळवंटात उतरलो, फारसं कुणाला लागलेलं नाही, जॉन सापडत नाही. पहिल्या दिवशी एवढं. जॉन म्हणजे वोराव्का. त्याचं पॅराशूट नीट उघडलंच नाही; तो मिळाला ऑगस्ट १९६० मध्ये. बाकीचे आठ जण अंधारात एकमेकांना शोधत जमले. अंगात लाइफ जॅकेट होती. उडी मारताना खाली समुद्र असणार असंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून वायव्येला चालायला सुरुवात. दिशा बरोबर होती, तळ तिकडंच. किती लांब ते ठाऊक नव्हतं. वाटेत पॅराशूटच्या कापडाचे बाण दगडाखाली दाबून ठेवत गेले, मागून शोधायला येणाऱ्यांसाठी. आठ जणांत अर्धी बाटली पाणी. माणशी दिवसाला एक टोपणभर.

स्वयंपाकघरात जाऊन माझ्या बाटलीचं टोपण भरलं आणि चमच्यात ओतलं. चहाचा चमचा भरला आणि वर दोन थेंब सांडले. त्यांच्या बाटलीचं टोपण याहून मोठं असेल. तरी.

मग रोज तेच : ऊन, रात्री कडाक्याची थंडी, झोप नाही, चाललो, थांबलो, प्रार्थना. गुरुवारी टेकड्या लागल्या. लामॉटचे डोळे गेले, बाकीच्यांचेही वाईट. शुक्रवारी शेली, रिपस्लिंगर आणि मूर मदत आणायला पुढं निघाले. उरलेले पाच जण उठू शकत नव्हते. शनिवारी दोन पक्षी दिसले, तेही लिहिलंय. रविवारी जिभेला लावण्यापुरतं पाणी. सोमवारी : मदत अजून नाही, रात्र फार थंड. पुढची पानं कोरी.

ते पाच जण फेब्रुवारी १९६० मध्ये एकाच ठिकाणी मिळाले : हॅटन, टोनर, हेज, लामॉट, ॲडम्स. शेली आणि रिपस्लिंगर त्याच वर्षी मे महिन्यात, आणखी कित्येक किलोमीटर पुढं, एकेकटे. मूर मिळालाच नाही.

डायरीत कुठं कुणावर राग नाही. मी दोनदा शोधला.

२८ जुलै

काल वाचलेलं डोक्यातून जाईना, म्हणून शेपटाचा मोडलेला कडा केला. शीतपेयाच्या कॅनचा पत्रा कापून चुरगाळला आणि प्लॅस्टिकच्या आतून चिकटवला. फाटलेला ॲल्युमिनियम हुबेहूब. बोट कापलं.

४ ऑगस्ट

प्रोपेलर. चारपैकी तीन इंजिनं बंद पडलेली, एक शेवटपर्यंत चालू. म्हणून तीन प्रोपेलरची पाती वाऱ्याला कड करून, आणि चालू असलेल्याची जमिनीवर आपटून वाकलेली. पाती मेणबत्तीवर दुरून ऊब देऊन वाकवली. एक जास्त वाकलं. राहू दे, कुणी मोजलंय.

माणसं उतरून गेल्यावर हे एक इंजिन विमानाला आणखी सव्वीस किलोमीटर घेऊन गेलं, दक्षिणेला, आणि जमीन आल्यावर ते स्वतःच टेकलं. पाणी, कॉफी आणि चालू रेडिओ घेऊन.

माणसं गेली वायव्येला.

रंग उडवायला मीठ लावायची युक्ती केली : ओल्या रुपेरी थरावर जाडं मीठ, वर वाळूचा रंग, मग मीठ खरवडून काढायचं. पंखांच्या पुढच्या कडांवर वाऱ्यानं घासून आलेला पत्रा मस्त दिसतोय. नाव लिहिलं नाकाच्या उजव्या अंगाला, तीन केसांच्या ब्रशनं, श्वास रोखून. मूळ अक्षरंही वाकडीच आहेत.

११ ऑगस्ट

वैमानिकांच्या आकृत्यांचं पाकीट आणून ठेवलं होतं, १/७२, माणूस अडीच सेंटिमीटरला थोडा कमी. आज आठ जण रंगवायला घेतले आणि बंद केले. यांना ठेवू कुठं? विमानापाशी त्यांच्यातला कुणीही कधीच आला नाही. ते कुठं पडलं, इतकंच काय, पडल्यावर धड राहिलं हेही त्यांना कळलं नाही. आणि माझा पाट साठ बाय पन्नास सेंटिमीटरचा.

मग हिशेब मांडला. सगळं बहात्तरनं भागायचं. उडी मारली ती जागा विमानापासून सव्वीस किलोमीटर : भागिले बहात्तर, तीनशे साठ मीटर. पाच जण मिळाले ती जागा विमानापासून सुमारे एकशे तीस किलोमीटर : एक किलोमीटर आठशे मीटर. तळ सातशे : नऊ किलोमीटर सातशे मीटर.

विमान माझ्या टेबलावर, टिळक रोडला लागून. म्हणजे उड्या मारल्या त्या पेरूगेट पोलीस चौकीच्या आसपास. पाच जण थांबले ते नदीपलीकडं, फर्ग्युसन कॉलेजच्या गेटाच्या थोडं अलीकडं. आणि सुलूकचा तळ पिंपळे निलखला.

मामाला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "अडीच सेंटिमीटरच्या माणसानं फर्ग्युसनपर्यंत?"

१५ ऑगस्ट

सुट्टी. सकाळी पेरूगेटपासून निघालो, जमेल तितकं वायव्येला. सरळ जाता येत नाही, पेठेत वाडे आडवे येतात. नदीला पाणी सोडलं होतं, भिडे पूल बंद, म्हणून झेड ब्रिजवरून गेलो. खाली मुठा दोन्ही काठ धरून चालली होती. पुलावर पोरं फोटो काढत होती. फर्ग्युसन रस्त्यावर हातात झेंडे घेऊन शाळेची मुलं.

थांबायची जागा आली ती एका बंद दुकानाच्या पायरीपाशी. उशीर झाला होता आणि पाऊसही आला, म्हणून परत रिक्षानं आलो. आकृत्या खिशात होत्या, का घेतल्या होत्या कोण जाणे.

१८ ऑगस्ट

पूर्ण झालं. ॲक्रिलिकची पेटी आली. आकृत्या एकही नाही.

पाटाच्या कडेला पितळेची पट्टी ठोकली आहे. तिच्यावर क्रमांक, तारीख, नऊ नावं. आणि एक बारीक बाण कोरून घेतला : 'माणसं : वायव्येला, १.८ कि.मी.' कोरणारा दोनदा म्हणाला, साहेब हे चुकून आलंय का.

पेटी शेवटी फ्रीजवर बसली, दुसरी जागाच नाही. बाण खरोखर वायव्येला यायला हवा, म्हणून मोबाइलच्या होकायंत्रावर बघून फिरवली. ती फ्रीजवर तिरकी येते, एक कोपरा बाहेर. आई सकाळी फडकं मारताना ती सरळ करून ठेवते. मी ऑफिसला जायच्या आधी परत तिरकी करतो.